महात्मा जोतीराव फुले : रयतेच्या पैशाचा हिशेब मागणारा माणूस



११ एप्रिलच्या जयंतीची तयारी चालली होती. फोटोला हार घालता घालता सातवीतल्या एका मुलानं विचारलं, की सर, आमच्या रानात फुले दोनशे पासष्ट आहे, ते फुले हेच का? वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. दौंड तालुक्यात कालव्याच्या पट्ट्यात फुले २६५ हा ऊस सगळ्यांच्या ओळखीचा आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं तो दिला, म्हणून त्याच्या नावात फुले. हे विद्यापीठ १९६८ साली सुरू झालं, सरकारी पैशानं चालतं, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशानं. मुलाला म्हटलं, होय बाळा, हेच ते.

त्याच मुलाच्या वडिलांनी थोड्या दिवसांपूर्वी मला एक काम सांगितलं होतं. त्यांचं दीड एकर रान चोपण झालंय. उन्हाळ्यात वरती पांढरं मीठ फुटतं, पाऊस पडला की पाणी मुरत नाही, पायाला चिकट चिखल लागतो. असल्या रानावर शास्त्रज्ञांनी काय काय करून पाहिलंय ते मोबाईलवर सापडेल का, असं त्यांनी विचारलं. मी शोधलं. आपल्याच भागातल्या कालव्याखालच्या जमिनींवर केलेला एक अभ्यास सापडला. पगार सरकारी, प्रयोगशाळा सरकारी, माती आपली. पण निबंध छापलेला परदेशातल्या एका मासिकात, आणि उघडायला गेलो तर तीन हजारांच्या आसपास रुपये मागितले. वर सारांशाच्या दहा ओळी तेवढ्या फुकट.

त्या संध्याकाळी मला जोतीराव फार आठवले. जयंतीच्या भाषणात आपण त्यांची मुलींची शाळा सांगतो, पाण्याचा हौद सांगतो, सत्यशोधक समाज सांगतो. ते सगळं खरंच मोठं आहे. पण या माणसानं आयुष्यभर आणखी एक गोष्ट लावून धरली होती. रयतेकडून घेतलेल्या पैशातून जे ज्ञान तयार होतं, ते रयतेच्या दारापर्यंत का येत नाही, हा तो सवाल. आज त्यांचं चरित्र या एका बाजूनं पाहू.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा, पुण्यातला. घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुढे मंडळी पुरंदरमधल्या खानवडीला आली, तिथून पुण्याला. पेशव्यांकडे फुलं पुरवण्याचा धंदा होता म्हणून फुले हे नाव पडलं. आई चिमणाबाई जोती वर्षाचा व्हायच्या आतच गेली. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईंनी त्याला सांभाळलं. वडील गोविंदरावांनी शाळेत घातलं खरं, पण मुलगा शिकला की शेतीच्या कामातून जाईल अशी भीती लोकांनी घातली आणि नाव काढून घेतलं. मग खुरपं हातात.

इथं दोन शेजारी मदतीला आले. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब. पोराची हुशारी त्यांनी पाहिली होती, त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोती स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाला. चौदा वर्षांचा, लग्न झालेला विद्यार्थी. शाळा सुटलेल्या मुलाला परत आणायला कुणीतरी त्याच्या बापाशी बोलायला लागतं, हे आपण शिक्षक रोज अनुभवतो. असो.

१८४८ सालचं सगळ्यांना पाठ आहे. नगरला मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून आले, बुधवार पेठेत भिडे वाड्यात शाळा काढली, सावित्रीबाई शिकवू लागल्या, पुढे वडिलांचं घर सोडावं लागलं. त्यावर आपल्या ब्लॉगवर वेगळा पाठ होईलच.

कमी सांगितला जातो तो दक्षिणा फंडाचा प्रसंग. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना सरकारी तिजोरीतून दक्षिणा वाटायची पद्धत होती. इंग्रजांनी ती कमी केली, पण बंद केली नाही. १८५० च्या सुमारास पुण्यातल्या काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशातला काही भाग मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख त्यांच्यात पुढे होते. जुन्या मंडळींत संतापाची लाट उठली, अर्ज करणाऱ्यांच्या अंगावर जायची तयारी झाली. तेव्हा जोतीराव आपली माणसं घेऊन सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. त्या वेळी ते फार तर तेवीस वर्षांचे असतील. मला यातली मागणी महत्त्वाची वाटते. तिजोरी सगळ्यांची, तर तिच्यातून होणारी विद्या सगळ्यांना कळणाऱ्या भाषेत यावी. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी झाली, मराठी पुस्तकांना बक्षिसं मिळू लागली. १८५५ साली जोतीरावांनी स्वतःचं 'तृतीय रत्न' हे नाटक याच कमिटीकडे पाठवलं. अडाणी कुणबी नवरा-बायको जोशीबुवांच्या थापांना कसे फसतात आणि शेवटी शाळेची वाट कशी धरतात, अशी त्याची गोष्ट. कमिटीनं ते नाकारलं. जो दरवाजा उघडायला ते उभे राहिले होते, तो त्यांच्याच पुस्तकासाठी उघडला नाही! ही जखम त्यांनी पुढे 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवली.

आता जरा आपल्या भागात येऊ. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात स्थापन झाला. त्यानंतर वर्षभरानं, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एक प्रकरण झालं. काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांच्या कर्जापोटी कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला घेतलं. गाव खवळलं. सावकाराच्या रानात कुणी जाईना, दुकानात कुणी पायरी चढेना, न्हावी दाढी करीना, पाणक्या पाणी भरीना. हे बहिष्काराचं वारं गावोगाव गेलं. आणि १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात भडका उडाला. भीमथडी म्हणजे आजचा दौंड-बारामतीचा भीमेकाठचा मुलूख. सुपे आज बारामती तालुक्यात आहे.

दख्खनचे दंगे म्हणून हे इतिहासाच्या पुस्तकात चार ओळीत येतं. अमेरिकेतलं युद्ध संपून कापसाचे भाव पडले होते, सारा वाढला होता, कर्ज डोक्यावर बसलं होतं, ही कारणं तुम्ही परीक्षेत लिहिता. मला मात्र एक तपशील नेहमी अडवतो. दंगेखोरांनी माणसं फारशी मारली नाहीत. त्यांना हवे होते कागद. कर्जरोखे, खतं, हुकूमनामे मागून घेतले आणि जाळले. ज्या कागदावर आपला अंगठा आहे त्यात काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं. वाचता न येणाऱ्या कागदाचं माणूस दुसरं काय करणार?

सरकारनं चौकशी आयोग नेमला. आपल्या गावांमधून जबान्या झाल्या, कर्जाचे, साऱ्याचे, जमिनीचे आकडे गोळा झाले. त्या काळचा हा दख्खनच्या शेतकऱ्याचा मोठा अभ्यासच म्हणायचा, आणि १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा त्यातून आला. पण अहवाल इंग्रजीत. तो १८७८ मध्ये विलायतेच्या पार्लमेंटपुढे गेला. करड्याच्या माणसाच्या तोंडचं दुःख लंडनमध्ये वाचता येत होतं, करड्यात नाही.

याच काळात जोतीराव पुण्याच्या नगरपालिकेत होते, १८७६ ते १८८२. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार, तर शहर सजवायला हजार रुपये खर्चावेत असा विषय आला. ३२ नेमलेल्या सभासदांत विरोधात मत पडलं ते एकट्या जोतीरावांचं. हा पैसा शिक्षणावर खर्चा, असं त्यांचं म्हणणं. बत्तीसातला एक!

जोतीराव नुसते समाजसुधारक नव्हते, धंदेवाले होते, हे आपण विसरतो. बांधकामाची कंत्राटं घेत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामातही ते कंत्राटदार होते. त्या धरणाच्या कालव्याचं पाणी आज यवत, पाटसपर्यंत आपल्या दौंड तालुक्यात येतं. मांजरीकडे त्यांनी स्वतः शेती केली. त्यामुळे पाणी सोडणारा साहेब आणि पाणी घेणारा शेतकरी यांच्यात काय बिनसतं ते त्यांना आतून माहीत होतं. प्रत्येक शेताला मोजून तोटी बसवा म्हणजे गरजेपुरतंच पाणी जाईल, असं त्यांनी लिहून ठेवलं. आता त्या चोपण रानाकडे पाहिलं की वाटतं, ही तोटी वेळेवर बसली असती तर?

१८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग आला. जोतीरावांनी त्याला निवेदन दिलं, १९ ऑक्टोबर १८८२ ची तारीख आहे. सहीखाली व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी ओळख, पत्ता पेठ जुना गंज. हे निवेदन म्हणजे चक्क हिशेबाची वही आहे. सरकारचं उत्पन्न बहुतेक करून शेतकऱ्याच्या घामातून येतं, वरच्या वर्गाकडून फार थोडं. पण शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. वरती विद्या दिली की ती आपोआप खाली झिरपेल, अशी सरकारची कल्पना होती. जोतीरावांनी विचारलं, की झिरपली का? इतकी वर्षं झाली, किती झिरपली ते दाखवा.

मग त्यांनी मागण्या केल्या, आणि त्या अगदी हातात धरता येतील अशा. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शेतकऱ्याकडून रुपयामागे एक आणा लोकल फंड घेता, त्यातला निदान निम्मा प्राथमिक शाळांना द्या. खेड्यातल्या मुलांना मोडी, बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल याबरोबर शेतीचं ज्ञान द्या. शाळेला जोडून छोटं नमुन्याचं शेत असू द्या. मास्तर शक्यतो शेतकरी जातींमधला, शिकवून तयार केलेला, नांगराच्या रुमण्याला किंवा सुताराच्या वाकसाला हात लावायला न लाजणारा असावा. त्याला पगार बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या. (हे वाचून माझ्या सहकाऱ्यांनी पगारवाढीची मागणी करणारा पहिला पुढारी म्हणून जोतीरावांना नमस्कार केला.)

यातलीच एक गोष्ट आजच्या विषयाला अगदी खेटून आहे. मुंबई विद्यापीठानं प्रवेश परीक्षेला बाहेरून, म्हणजे शाळेत न बसता घरी शिकून, बसायची परवानगी दिली होती. जोतीरावांनी याचं मनापासून स्वागत केलं आणि पुढच्या, बीए-एमएच्या परीक्षाही अशाच मोकळ्या करा असं सुचवलं. ज्ञान कॉलेजच्या भिंतीआडच मिळतं असं का? ज्याला परवडत नाही, त्यानं घरी, दिव्याखाली शिकावं आणि त्यालाही मान मिळावा. आज आपण मुक्त विद्यापीठ म्हणतो, त्याची ही कितीतरी आधीची चाहूल.

एक मात्र खरं. हे निवेदनही इंग्रजीतच होतं, कारण वाचणारा साहेब होता. रयतेसाठी रयतेच्या भाषेत लिहायचं काम त्यांनी लगेच दुसऱ्या वर्षी केलं.

'शेतकऱ्याचा असूड' १८८३ च्या जुलैत लिहून झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधू'नं सुरुवातीचे भाग छापले, पुढचे छापायला ते कचरले. आपल्याच माणसानं हात आखडला याचा जोतीरावांना राग आला. पण ते थांबले नाहीत. हस्तलिखित घेऊन गावोगाव गेले आणि वाचून दाखवलं. मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी... बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते ऐकलं. छापखान्यानं दार लावलं तर चावडीवर बसून वाचायचं. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याच्याच कानावर ते आधी घालायचं. आपला विषय जोतीरावांनी असा सोडवला होता, हे मला त्या पैसे मागणाऱ्या पानापुढे बसून कळलं.

'असूड' नुसता रागाचा ग्रंथ नाही. त्यातल्या सूचना वाचल्या तर आजच्या कृषी सहायकालाही काम पुरेल. डोंगर-उतारावर ताली-बंधारे घालून पाणी मुरवा, आणि त्या कामाला रिकामे बसलेले पलटणीतले शिपाई लावा. पाणाड्यांकडून विहिरींच्या जागा शोधून घ्या, नकाशावर लावा. दरवर्षी शेतीची प्रदर्शनं भरवा, चांगल्या पिकाला बक्षिसं द्या. शेतकऱ्यांची मुलं विलायतेतल्या शेतकी शाळा पाहायला पाठवा. पाटीलकी वारसानं देऊ नका, लिहिता-वाचता येतं आणि नांगर-पाभरही हाकता येते अशाला परीक्षा घेऊन द्या. पुण्याचं कृषी महाविद्यालय निघालं १९०७ मध्ये. असूड त्याच्या चोवीस वर्षं आधीचा.

पुढचं थोडक्यात. २ मार्च १८८८ ला हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांना मेजवानी दिली. सगळे दागदागिने घालून आलेले, जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात. ड्यूकला त्यांनी स्पष्ट सांगितलं, की इथली श्रीमंती म्हणजे हा देश नव्हे, राणीसाहेबांच्या कानावर खेड्यातल्या प्रजेची हलाखी आणि तिच्या शिक्षणाची गरज घाला. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. आणि त्याच वर्षी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी डाव्या हातानं लिहून पुरं केलं. नावातला सार्वजनिक हा शब्द बघा. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, पुस्तक छापून आलं १८९१ मध्ये.

सक्तीच्या शिक्षणाची त्यांची मागणी देशभर कायद्यात यायला २००९ साल उजाडलं. हिशेबाचा दुसरा भाग, म्हणजे रयतेच्या पैशातलं शास्त्र रयतेला वाचायला मिळणं, अजून अर्धाच सुटलाय. अन्याय नको म्हणून हेही सांगतो, की बरंच काही मोकळं झालंय. भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा'वर कुणालाही फुकट वाचता येतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं २०१३ मध्ये आपलं संशोधन खुलं ठेवायचं धोरण केलं. शेतकऱ्यांसाठी मराठीत पुस्तिका निघतात. फुल्यांचं समग्र वाङ्मय तर राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानंच १९६९ मध्ये काढलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांचे सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळपास तेरा हजार मासिकं. सरकारी कॉलेजं आणि संशोधन संस्थांतल्या दीड कोटीहून जास्त विद्यार्थी-प्राध्यापकांना ती वाचता येतात. चांगली गोष्ट आहे, गावाकडच्या सरकारी कॉलेजच्या पोरांना आजवर हे स्वप्नातही नव्हतं. पण माझी झेडपीची शाळा त्यात नाही. चोपण रानाचा मालकही नाही. मासिक चालवायला खर्च येतो, तपासणी-संपादन फुकट होत नाही, हे मला मान्य आहे. तरी जोतीरावांसारखा हिशेब मांडला तर काय दिसतं? संशोधनाला पैसा रयतेचा, मग तेच वाचायच्या वर्गणीला पुन्हा पैसा रयतेचा, आणि रयत दाराबाहेर. खर्च एकदा करून दार कायमचं उघडता येत नाही का, हा प्रश्न आठवी-नववीच्या मुलांनीही विचारायला हरकत नाही. झिरपण्याची वाट आपण १८८२ पासून पाहतोय.

त्या निबंधाचं काय झालं ते राहिलंच. सारांशाखाली लेखकाचा ईमेल होता. एका माहीतगार मित्रानं सांगितलं, की लेखकाला सरळ मागावं, बहुतेक जण देतात. मी मराठीतच लिहिलं, रान कुणाचं, कशासाठी हवंय ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, सोबत पूर्ण निबंध, आणि जिप्सम टाकायच्या आधी मातीची तपासणी करून घ्या अशी वेगळी सूचना.

मग मुलाच्या वडिलांना बोलावलं. शाळा सुटल्यावर दोन संध्याकाळी आम्ही बसलो. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायचो, विज्ञानाच्या मॅडम आकडे समजावायच्या, मुलगा पाणी आणून द्यायचा. चर किती खोल काढायचा, जिप्सम कधी टाकायचं, धैंचा कधी गाडायचा. त्यांनी खिशातली उसाच्या काट्याची जुनी पावती काढली आणि तिच्या मागच्या बाजूला एक एक करून लिहून घेतलं. जागा संपली तेव्हा मुलाच्या वहीचं पान फाडलं.